ठसा जुळला नाही

सिप्रियनच्या डोक्यात पहिला फटका बसला तेव्हा सकाळचे अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती. हे इतकं नेमकं सांगता येतं, कारण पंपघराच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याने ते टिपलं आणि त्याच क्षणी वायरीवरून घरच्या कॉम्प्युटरला पोचवलं. मारणाऱ्यांनी जाताना कॅमेरा ठेचून टाकला. कॅमेरा मेला, पण त्याने पाहिलेलं सगळं चारशे पावलांवरच्या घरात आधीच जाऊन बसलं होतं.

फ्लॉसीने ते फक्त एकदा लावलं. निर्मळ गावातली त्यांची केळीची बाग, हेल्मेट घातलेली तीन माणसं, पंपघराची किल्ली हातात घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलेला तिचा नवरा, आणि पहिला फटका. तिथेच तिने चित्र थांबवलं. सदतीस वर्षं त्या डोक्याला तिने दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जायच्या आधी खोबरेल तेल चोपडलं होतं. पुढचं बघायची तिची छाती झाली नाही.

भांडण पाण्याचं होतं. टँकरवाले बागेतल्या विहिरी उपसत होते आणि आजूबाजूच्या विहिरींना खारट पाणी लागत होतं. सिप्रियनने आपल्या विहिरीला टाळं ठोकलं, इतरांनाही ठोकायला लावलं, तक्रारी केल्या. चार महिने धमक्या आल्या. पाचव्या महिन्यात माणसं आली. आणि पोलिसांनी कागदावर काय लिहिलं? पंपाच्या पट्ट्यात सदरा अडकला, तोल गेला, डोकं कठड्यावर आपटलं. सहासष्ट वर्षांचा माणूस, जन्म त्या विहिरीवर काढलेला, म्हणे कठड्यावर आपटला!

म्हणजे त्याला कोणी मारलं हे सांगणारी जगात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे फ्लॉसीच्या कॉम्प्युटरमधली दोन जीबीची फाइल. ती नाहीशी झाली की सिप्रियन कायमचा कठड्यावर आपटलेला म्हातारा.

फ्लॉसी काही कॉम्प्युटरला बिचकणारी बाई नव्हे. शाळेत तिने आधी गणित आणि शेवटची बारा वर्षं कॉम्प्युटर शिकवला. अर्धं गाव तिला अजून टीचर म्हणतं. तिची जुनी विद्यार्थिनी ज्ञानदा आता वकील होती, एव्हरशाईन सिटीत राहायची. अशिलांचे कागद ठेवायला तिने घरात एक मशीन दिवसरात्र चालू ठेवलेलं होतं. टँकरच्या तक्रारीचे कागद फ्लॉसी इथूनच त्या मशीनवर पाठवायची.

"टीचर, व्हॉट्सॲपवर नको," मंगळवारी दुपारी फोनवर ज्ञानदा म्हणाली. "त्यात चित्र दाबलं जातं, तारीखवेळ पुसली जाते. मला अस्सल फाइल पाहिजे. आपण कागद पाठवतो तशीच पाठवा."

फ्लॉसीने तशीच पाठवली. चार वाजता फाइल पोचली. पाच वाजता ज्ञानदा कोर्टातून घरी येऊन बघते तर फाइल नाही. तिच्या मशीनमध्ये कोणीतरी फ्लॉसीच्याच नावाने, फ्लॉसीच्याच पासवर्डने शिरलं होतं आणि फाइल पुसून निघून गेलं होतं.

"तुम्ही कुठल्या पद्धतीने पाठवली?" ज्ञानदाने विचारलं.

"एफटीपी. क्लेटनने लावून दिलंय ते."

ज्ञानदा हळूच म्हणाली, "त्यात नाव आणि पासवर्ड उघडे जातात, टीचर. तुमच्या घरापासून माझ्या घरापर्यंत वायर ज्याच्या हातात आहे तो सगळं वाचू शकतो. चूक माझीही आहे. ते दार मी कधीच बंद करायला हवं होतं."

वायर कोणाच्या हातात होती? निर्मळच्या निम्म्या घरांत इंटरनेट क्लेटनचं. पंपघराचा कॅमेरा त्यानेच बसवला, फ्लॉसीचं ईमेल त्यानेच उघडून दिलं, त्या ईमेलचा पासवर्डही त्यानेच ठेवला. आणि क्लेटन म्हणजे कोणी परका नव्हे. तो फ्लॉसीचा धर्मपुत्र. एकतीस वर्षांपूर्वी त्याच्या बाप्तिस्म्याला त्याची आई तापाने फणफणलेली होती, म्हणून फ्लॉसीने त्याला हातावर घेतलं. फादरनी विचारलं, या बाळाचं नाव काय? फ्लॉसीने ते सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं सांगितलं. मग बाळाच्या वतीने तिने सैतानाला नाकारलं, त्याच्या कामांना नाकारलं. बाळ तिच्या पदरावर दूध ओकलं.

पुढे तो डावखुरा निघाला. बालवाडीतली बाई त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारायची. फ्लॉसीने शाळेत जाऊन त्या बाईला सगळ्यांदेखत झापलं होतं, "देवाने ज्या हातात अक्षर दिलंय त्याच हाताने लिहील तो!"

आता ज्ञानदा त्याच मुलाबद्दल असं बोलत होती. फ्लॉसीचं डोकं फिरलं. "तू वकील आहेस म्हणून सगळ्यांना आरोपी करू नकोस," असं म्हणून तिने फोन ठेवला.

इथेच ती चुकली, आणि आमच्याकडची कोणीही बाई अशीच चुकली असती. ज्याच्यासाठी चर्चमध्ये शब्द दिला त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्या शब्दावर थुंकायचं. बुधवारी सकाळी तिने फाइल पेन ड्राईव्हवर उतरवली आणि दीर एरॉलच्या हातात दिली. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण गल्लीच्या तोंडाशी टँकरवाल्यांची माणसं मोटरसायकली लावून बसली होती, म्हणून तिने क्लेटनला फोन केला. "एरॉल पेन ड्राईव्ह डाव्या खिशात घालून निघालाय रे, जरा त्याच्यावर लक्ष ठेव."

लक्ष चांगलंच ठेवलं गेलं. वळणावर एरॉलची स्कूटर आडवी पाडली. दोघांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं, तिसऱ्याने हात दगडावर ठेवून कोपरावर उडी मारली. कुठल्या खिशात बघायचं हे त्यांना विचारावंही लागलं नाही. हाड कातडीतून बाहेर आलं होतं. एरॉलला टेम्पोत घालून नेताना तो फ्लॉसीला एवढंच म्हणाला, "वैनी, त्यांना म्हाईत होता. डाव्या खिशात हाय, ता पन म्हाईत होता."

फ्लॉसी अंगणात उभी राहिली. कुंपणच शेत खात होतं आणि त्या कुंपणाला पाणी घालणारी तीच होती.

ती आत आली आणि ज्ञानदाला फोन लावला. माफीबिफी मागत बसली नाही. "सांग. कुठल्या पद्धतीने पाठवू?"

पोस्टमॉर्टेम होऊन सिप्रियनला तीन वाजता आणायचं होतं. पुरुष मंडळी तिकडे गेली होती. बायका गल्लीच्या क्रुसापाशी रोझरीच्या जपाला बसल्या होत्या. फ्लॉसी अंघोळीचं निमित्त काढून घरात थांबली होती. घड्याळात सव्वाबारा वाजले होते.

"तीन रस्ते आहेत," ज्ञानदा म्हणाली. "एफटीपी तुम्ही पाहिलंत. दुसरं एफटीपीएस. तेच, पण वरून कापड झाकलेलं. कोणीतरी तिसरा हमी देतो की समोरचं मशीन खरं आहे. पण त्याला दोनदोन दारं लागतात, घरच्या राउटरवर ते अडकतं. शिवाय हमी देणाराच खोटा निघाला तर?"

"हमीचं नाव काढू नकोस," फ्लॉसी म्हणाली. "तिसरं?"

"एसएफटीपी. एकच दार, आणि आत शिरल्यापासून सगळं कुलूपबंद. मधे तुटलं तरी जिथे तुटलं तिथून पुढे सुरू होतं. यात कोणाची हमी नाही. माझ्या मशीनचा एक ठसा आहे, अक्षरांचा. तुमच्या पडद्यावर तो येईल आणि विचारेल, हे मशीन ओळखीचं आहे का? लोक न वाचता हो म्हणतात. तुम्ही म्हणायचं नाही. एकेक अक्षर मला वाचून दाखवायचं. आणि जुना पासवर्ड मेला, नवीन मी तोंडी सांगते."

फ्लॉसीने प्रोग्राम उघडला, पत्ता टाकला. पडद्यावर चौकट आली. तिने चष्मा नाकावर चढवला आणि वाचायला लागली. "कॅपिटल क्यू. सात. स्मॉल एन. स्मॉल एन. कॅपिटल डी."

"थांबा," ज्ञानदा म्हणाली. "पुन्हा वाचा."

"कॅपिटल क्यू. सात."

"माझा स्मॉल एचने सुरू होतो, टीचर. हे माझं मशीन नाही. मधे कोणीतरी माझं सोंग घेऊन बसलंय."

सोंग घेणाराही फ्लॉसीनेच शिकवलेला होता. दुसऱ्या बाकावर बसायचा, नेटवर्कच्या धड्याला सगळ्यात आधी हात वर करायचा, डावा हात. फ्लॉसी संतापली. तिने मागची वायर उपटून फेकली आणि कॉम्प्युटर आपल्या मोबाइलच्या इंटरनेटवर जोडला. घरात इंटरनेटची रेंज एकाच जागी यायची, खिडकीवरच्या येशूच्या तसबिरीमागे. मोबाइल तिने तिथे ठेवला, स्पीकर चालू करून.

पुन्हा चौकट आली. "स्मॉल एच. कॅपिटल आर. नऊ. कॅपिटल डब्ल्यू." ती वाचत गेली आणि खिडकीतून ज्ञानदा एकेक अक्षराला "बरोबर" म्हणत गेली. बाहेर क्रुसापाशी एक बाई म्हणत होती आणि बाकीच्या उत्तर देत होत्या, तसंच आत चाललं होतं. त्रेचाळीस अक्षरं. शेवटचं जुळलं तेव्हा फ्लॉसीने 'हो' दाबलं.

फाइल निघाली. दोन टक्के, चार टक्के. गती मुंगीची. "मी फोन ठेवते," ज्ञानदा म्हणाली. "आमच्या सीनियर वकीलसाहेबांना घेऊन वरच्या पोलिस ऑफिसात बसलेय, मशीन इथूनच बघतेय. फाइल पूर्ण आली की एकदा रिंग देईन. उचलू नका."

सत्तावीस टक्क्यांवर रेंज गेली. मिनिटभराने रेंज आली आणि आकडा सत्तावीसवरून पुढे सरकला. एकोणचाळीस टक्के झाले तेव्हा गल्लीतून मोटरसायकलींचा आवाज आला. तिने कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, मशीनचा डबा टेबलाखाली पायाने आत ढकलला आणि त्यावर मळलेली चादर टाकली.

क्लेटन आधी खांबावर चढला. खिडकीतून तिला दिसत होतं. त्याने तिच्या घराची वायर कापली आणि निवांत खाली उतरला. मग दारातून आत आला. त्याच्यामागे पिवळ्या बनियनमधला एक जाडा आणि हातात पाना घेतलेला दुसरा एक जण.

"फ्लॉसी आंटी," तो म्हणाला. "हार्ड डिस्क काढून दे. मग कोणाला त्रास नाय."

"तुझा बाप वारला तेव्हा सिप्रियनने तुझी फी भरली होती."

"ते जुनं झालं. मी बोललो होतो अंकलला, टाळं काढ म्हणून. दहा वेळा बोललो. दोन टँकर माझेच हायत, बायकोच्या नावावर. मी काय करायचं होतं?"

जाड्याने पुढे होऊन तिच्या कानाखाली मारली. चष्मा उडाला. ती टेबलावर आदळली, तोंडात रक्ताची चव आली. "टाइमपास नको," तो म्हणाला. "मशीन किधर है, बुढ्ढी?"

मशीन तिच्या पायाशी होतं, चादरीखाली घुरघुरत. वरून पंखा घरघरत होता म्हणून ऐकू येत नव्हतं. फ्लॉसी सरकली नाही. "एरॉलच्या घरी हलवलंय," ती म्हणाली.

दुसरा एरॉलच्या घराकडे पळाला. जाता जाता पाना त्याने क्लेटनकडे टाकला. एरॉलचं घर तीन घरं सोडून होतं, म्हणजे जाऊन धुंडाळून यायला त्याला पंधरावीस मिनिटं. जाड्याने तोवर कपाटं उपडी केली, काचेची भांडी भिंतीवर फोडली, सिप्रियनच्या शवपेटीत घालायला काढलेला कोट पायाखाली तुडवला. फ्लॉसी मोजत होती. मिनिटाला अडीच टक्के. रेंज राहिली तर. बासष्ट झाले असतील. पंच्याऐंशी झाले असतील.

दुसरा परत आला तो शिव्या देत. "उधर कुछ नहीं है."

क्लेटनने तिचा उजवा हात मनगटाला धरून टेबलावर दाबला. "आंटी, मला हे करायला लावू नको."

"मी तुला काय करायला लावलं कधी? तुझ्या हातावर पट्टी पडायची तीसुद्धा मी बंद केली."

त्याने पाना डाव्या हातात घेतला. करंगळी आधी गेली. असा आवाज आला जसा सुक्या झावळीचा देठ मोडावा. फ्लॉसी ओरडली, आणि ओरडत असतानाच तिला कळलं की हा ओरडा पंख्याहून मोठा आहे, याच्याखाली मशीन आणखी झाकलं जातंय. म्हणून दुसऱ्या बोटाला ती मुद्दाम ओरडली. तिसऱ्याला मुद्दाम ओरडावं लागलं नाही.

क्लेटन रडत होता. हे लिहायला मला आवडत नाही, पण तो रडत होता आणि मारत होता. "कुठाय सांग, आंटी. सांग ना."

एवढ्यात जाड्याचा पाय चादरीत अडकला. चादर घसरली. डब्यावरचा हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता. क्लेटनने तो पाहिला, मग भिंतीकडे उपटून पडलेली वायर पाहिली. त्याचा चेहरा पांढरा पडला. चालू मशीनचा दिवा असा कधी लुकलुकतो हे तिनेच त्याला वर्गात शिकवलं होतं.

"मोबाइल!" तो किंचाळला. "मोबाइल शोध तिचा!"

जाड्याने डबा उचलला आणि फरशीवर आपटला. एकदा, दोनदा. पत्रा चेपला, दिवा विझला. क्लेटनने आतली हार्ड डिस्क हिसकून काढली आणि पान्याने तिचा चेंदा केला. फ्लॉसी जमिनीवर पडल्या पडल्या बघत होती. तिला शेवटचा आकडा माहीत नव्हता. नव्वद होता का? शंभर होता का? नव्व्याण्णव असेल तर काय, अर्धवट फाइल उघडते का? तिला आठवेना. सदतीस वर्षांचा संसार त्या एका आकड्यावर टांगलेला होता.

तसबिरीमागे मोबाइल वाजला.

एकदाच वाजला आणि बंद झाला. तिघेही खिडकीकडे बघत राहिले. फ्लॉसी हसायला लागली. फुटलेल्या ओठांनी, रक्ताची लाळ गाळत, मोडलेला हात पोटाशी धरून ती हसली. "पोचली," ती म्हणाली. "क्लेटन, पोचली रे."

जाड्याने तिच्या बरगडीत लाथ घातली, मग आणखी एक. पण तिच्या ओरडण्याने रोझरी मघाशीच थांबली होती. गल्लीतल्या बायका दारात आल्या, आणि आमच्या बायका रिकाम्या हाताने येत नाहीत. घड कापायचा कोयता पहिला जाड्याच्या खांद्यात बसला. दुसऱ्याला त्यांनी अंगणात पाडून नारळासारखा बडवला. क्लेटन मात्र पान्यासकट मागच्या दाराने निसटला.

संध्याकाळी तो स्वतःच पोलिसांसमोर हजर झाला, वकील सोबत घेऊन. मी आंटीला वाचवायला गेलो होतो, म्हणाला. कॅमेऱ्यात तर तिन्ही डोक्यांवर हेल्मेटं होती, चेहरा एकाचाही नव्हता. जाडा तोंड उघडत नव्हता.

दोन दिवसांनी वरच्या ऑफिसातला इन्स्पेक्टर आणि ज्ञानदा हॉस्पिटलात आले. सिप्रियनची माती फ्लॉसीशिवायच झाली होती. तिच्या छातीला पट्टा होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. इन्स्पेक्टरने लॅपटॉप खाटेवर ठेवला.

"बघाल का, टीचर?" ज्ञानदाने विचारलं. "नसेल जमत तर नको."

"लाव."

या वेळी चित्र थांबवायला तिने बोट पुढे केलं नाही. पहिला फटका जाड्याचा होता. दुसरा दुसऱ्याचा. सिप्रियन गुडघ्यांवर आला, एक हात वर केला. किल्ली अजून त्याच्या मुठीत होती. तिसरा माणूस मागे उभा होता, बराच वेळ नुसता उभा होता. मग पुढे आला. त्याने पाना उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, आणि मारला. सिप्रियन पडला. त्यानंतर तो हलला नाही.

फ्लॉसीच्या घशातून एक आवाज निघाला. ज्ञानदाने तिचा धडधाकट हात धरला.

"दोघे बायकांनी पकडलेत," इन्स्पेक्टर म्हणाला. "हा तिसरा. तुम्ही याला ओळखता का? नीट विचार करा, कोर्टात हेच सांगावं लागेल. याचं नाव काय?"

हाच प्रश्न तिला एकदा फादरनी विचारला होता, तेव्हा तिच्या पदरावर दूध होतं आणि सगळं चर्च ऐकत होतं. फ्लॉसीने डोळे पुसले आणि वॉर्डातल्या शेवटच्या खाटेला ऐकू जाईल असं सांगितलं.

"क्लेटन."

इन्स्पेक्टरने लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तिने पेन डाव्या हातात घेतलं.